ओला कोबी

शनिवारी कातालिन तोलोसाच्या बाजाराला गेली ती चाळीस कोबी घेऊन, आणि परत आली ती चौतीस घेऊन. गाजराच्या जुड्या तेवढ्या खपल्या. बारक्या बटाट्यांच्या टोपलीला तर कुणी बोटसुद्धा लावलं नाही. यंदा डोंगराच्या दोन्ही अंगांना कोबी असा माजला होता की बाजारात प्रत्येक बाईच्या पुढ्यात तोच हिरवा ढीग, आणि समोर गिऱ्हाईक म्हणून कुणी नाही. त्यात पंधरा दिवस सूर्याचं तोंड दिसलेलं नाही. सान सेबास्तियन शहरातले व्यापारी गाडीतून खाली न उतरता, काचेतूनच मान हलवून पुढे गेले.

चढावर गाढव तीनदा थांबलं. तिसऱ्या वेळी कातालिनने त्याला दटावलं नाही. तिलाही थांबायचंच होतं.

इतुराल्दे हे त्यांच्या घराचं नाव. अंगणात तिचा नवरा अंब्रोस बुटांचा चिखल काडीने खरवडत बसला होता. त्याने टोपल्यांकडे पाहिलं.

"काय गं, सगळा बाजार उचलून घरी आणलास की काय?"

"पुढच्या शनिवारी तुम्ही जा. तुमच्या मिशा बघून तरी घेतील लोक."

"सहा गेले तेच नवल म्हणायचं."

"दोन मठातल्या बायांनी घेतले. चार वाण्याच्या गळ्यात मारले आणि मीठ आणलं."

तो हसला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. भाजी उरली की घराची सगळी मदार मोरेता गाईवर येई. दावणीला दोनच गुरं, मोरेता आणि तिची कालवड. मोरेताचं दूध रोज खाली जाई, म्हणून चूल पेटे. थंडीच्या शेवटी ती विणार होती.

माणसांनी नाकारलं ते गाईंच्या पुढ्यात जायचं, ही रीत जुनीच. पण त्याचेही नियम होते. कोबी रात्रभर माळ्यावर पसरून सुकवायचा, ओला घालायचा नाही, हा शहाणपणाचा भाग. आणि बटाटा, बीट, सफरचंद, जे जे म्हणून गोल, ते यंत्रात घालून चिरूनच द्यायचं, हा मात्र गुरांच्या मंडळाचा लिहिलेला नियम. चिरायचं यंत्र अंगणाच्या कोपऱ्यात उभं होतं. त्याचं चाक फिरवायला दोन्ही हात लागत आणि बरीच इच्छाही लागे.

"मी कोबी वर पसरते," कातालिन म्हणाली. "तुम्ही तेवढे बटाटे चिरून ठेवा."

"मला कुठाय वेळ? आता कासियानो येईल. शिंगांवरचे डाग तपासायला निघायचंय."

अंब्रोस पंच होता, तीन वर्षं. डोंगरावरच्या तेवीस घरांचं मिळून गुरांचं एक मंडळ होतं, आणि मंडळातल्या प्रत्येक गाईच्या शिंगावर तापल्या लोखंडाने दिलेला डाग असे. कुणाची गाय कड्यावरून पडली, पोट फुगून गेली, तर तो घाव तेवीस घरं वाटून घेत. मांस खाण्याजोगं असलं तर प्रत्येक घर पैसे मोजून आपला वाटा उचलून नेई, आवडो न आवडो, आणि त्यातून त्या दावणीला दुसरी गाय उभी राही. पण गाय मालकाच्या हयगयीने गेली असेल तर कुणी दारात फिरकतसुद्धा नसे. नशीब की हयगय, हे दोघे पंच ठरवत. एक अंब्रोस, दुसरा कासियानो.

गेल्या हिवाळ्यात सागास्तीच्या घरच्या युसेबिओची गाय घशात सफरचंद अडकून मेली. तेव्हा अंब्रोसने तिच्या गळ्यातून ते सफरचंद काढलं, तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि एवढंच बोलला, "अख्खं आहे." सागास्तीकडे मांसाचा एक वाटासुद्धा कुणी मागायला गेलं नाही. युसेबिओने गाय खड्डा खणून पुरली. तेव्हापासून तो इतुराल्देच्या माणसांना ओळख देत नव्हता.

कातालिनने बटाट्यांची टोपली स्वयंपाकघरात आणून ठेवली. तिथली एक भिंत आणि गोठ्याची भिंत एकच. मधे चौकोनी झरोका, त्याला वर उचलायची जाड फळी. फळी उचलली की मोरेता डोकं आत घाली आणि चुलीच्या उबेला उभी राहून, पाहुणीसारखं, देतील ते खाई. चुलीशी सासू बसली होती, बिसेंता, मांडीवर चेस्टनटची टोपली घेऊन. तिचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. जीभ आणि कान मात्र शाबूत.

"विकलं नाही वाटतं काही," सासू म्हणाली.

"कशावरून, आत्याबाई?"

"पायरी चढताना दमलीस. विकून आलेली बाई दमत नाही."

कातालिन कोबी ओच्यात घालून माळ्यावर चढली. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला ती कोबीचे गड्डे वाशाखाली ओळीने उपडे घालत होती, तेव्हा खालून खोकला ऐकू आला.

गाईचा खोकला तिला ठाऊक होता. थंडीचा, धुळीचा, म्हातारपणाचा. हा त्यातला नव्हता. ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली.

मोरेताचं डोकं झरोक्यातून आत आलेलं होतं, मान ताणलेली, जीभ बाहेर. तोंडातून लाळेच्या तारा फरशीपर्यंत लोंबत होत्या. ती गिळायला बघे, मान वाकडी करी आणि पुन्हा खोके. झरोक्याखालची बटाट्याची टोपली अर्धी रिकामी होती. आणि टोपलीपासून हाताच्या अंतरावर सासू, तोंड चुलीकडे करून गप्प.

म्हातारी रोज मोरेताला साली भरवायची. कातालिन फळी उचलून देई आणि म्हातारी हाताने चाचपून तोंडात घाली. आज सालींच्या जागी टोपलीच हाताशी आली असणार. टोपली तिथे ठेवली कुणी? आपणच की.

अंब्रोस अंगणातून आत आला, टोपी घालून, निघायच्या तयारीत. त्याने गाईकडे पाहिलं, मग टोपलीकडे. मग बुटाच्या टोकाने टोपली सरकवत सरकवत लाकडांच्या ढिगामागे नेली. बाहेर जाऊन एक कोबी आणला, चार पानं ओरबाडून गोठ्यात गव्हाणीत टाकली आणि परत येऊन हात पुसले.

"ओला कोबी खाल्लाय तिने. पोट फुगलंय."

"अहो, पण ती खोकतेय. घशात..."

"कोबी म्हटलं ना? कासियानो येईल. तो विचारील. काय सांगशील?"

कातालिनने सासूकडे पाहिलं. म्हातारीचे हात चेस्टनटवर थांबले होते.

"कोबी," कातालिन म्हणाली.

पोट फुगणं मंडळाच्या लेखी देवाच्या हातातलं. अख्खा बटाटा माणसाच्या हातातला. नवरा आईला पाठीशी घालतोय, हे कातालिनला कळलं आणि भीतीतही तिला त्याच्याबद्दल माया वाटली. आंधळ्या म्हातारीचं नाव चव्हाट्यावर यावं असं तिलाही वाटत नव्हतं. पण गाय तर खोकतच होती.

कासियानो आला. गोल, गुबगुबीत, सगळ्यांशी गोड. वाद नको म्हणूनच त्याला दर वर्षी पंच नेमत. गोठ्यात मोरेताच्या डाव्या कुशीवर त्याने थाप मारली. आवाज घुमला.

"नगारा झालाय रे! काय खाल्लं?"

"ओला कोबी," अंब्रोस म्हणाला. "बाजारातून परत आला ना. ढिगात तोंड घातलं तिने."

"यंदा कोबीच सगळ्यांच्या मुळावर आलाय. माझी बायको तीन आठवडे कोबीच घालतेय मला, मीही असाच फुगलोय." कासियानो स्वतःच हसला. मग मोरेताचा डोळा पाहून त्याचं हसू गेलं. "हे बघ, अर्धी बाटली तेल पाज. कोमट करून. नळीने नरड्यात सोड. त्याने नाही उतरलं तर सुरी. जिवंतपणी कापली तर मांस तरी कामी येईल. मेल्यावर कुणी शिवणार नाही."

"कातालिन, तेल आण."

ती जागची हलली नाही. माहेरी तिच्या बापाच्या बैलाला असंच तेल पाजलं होतं. बैलाच्या घशात बीट अडकलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. तेलाला पोटात जायला वाट नव्हती, ते फुप्फुसात गेलं. बैल पुढचे पाय दुमडून खाली बसला तो उठला नाही. बापाच्या हातात रिकामी नळी होती.

"अहो, तेल नको."

"तुला विचारलं कुणी?" अंब्रोस तिच्याकडे न बघता म्हणाला. "बायकांनी आता वैद्यकी शिकवायची राहिली होती."

कासियानो सांत्वनाच्या सुरात म्हणाला, "जा वहिनी, कोमट करून आणा. घाबरू नका."

ती स्वयंपाकघरात आली. तिने फडताळातून तेलाची बाटली काढली. झरोक्याची फळी आता पडलेली होती. पलीकडून मोरेताची घरघर येत होती.

"बटाटा आहे तो," सासू म्हणाली. "कोबी खाल्लेली गाय कण्हते. खोकत नाही."

कातालिन तिच्यापाशी उकिडवी बसली. "माहितीये मला, आत्याबाई. कुणी काही बोलणार नाही तुम्हाला. तुम्हाला दिसत नाही, तुमच्या हातून झालं..."

"माझ्या हातून?" म्हातारीने मान वर केली. "अगं शहाणे, ही फळी मला उचलते का? दोन वर्षांत एकदा तरी उचललीय मी?"

कातालिनने फळीकडे पाहिलं. ओकची, चार बोटं जाड. ती उचलताना तिच्या स्वतःच्या खांद्याला कळ लागे.

"त्याने दिले," सासू म्हणाली. "जायची घाई होती. मी म्हटलं, चिरून घाल रे. म्हणाला, आई, बारकेच तर आहेत. चार ओंजळी ओतल्या." तिने चेस्टनटची टोपली बाजूला ठेवली. "तो माझा मुलगा आहे. मला विचारलं कुणी, तर मीही कोबीच सांगेन. पण तू तेल नेऊ नकोस गं."

गोठ्यातून अंब्रोसची हाक आली, "तेल!"

म्हणजे तो आईला पाठीशी घालत नव्हता. आई आयतीच समोर बसली होती, आंधळी, टोपलीजवळ. त्याने काही सांगितलंही नव्हतं, नुसतं बायकोला काय वाटायचं ते वाटू दिलं होतं. कातालिनने बाटली ओच्यात गुंडाळली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. घरात तेल तेवढंच होतं. बाटली तिच्यापाशी असेपर्यंत गाईच्या नरड्यात कुणी काही ओतू शकणार नव्हतं.

सागास्तीचं घर उताराच्या पलीकडे. भिजलेल्या नेच्यांतून वाट निसरडी झाली होती. ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा बाटली वर धरून पडली. युसेबिओकडे एक काठी होती. गाय मेल्यावर तो खाली गुरांच्या डॉक्टरकडे जाऊन शिकून आला होता आणि वेताची एक लांब लवचिक काठी त्याने बनवली होती, टोकाला मऊ कातड्याची बोंडी. अख्खा डोंगर त्याला हसला होता. बैल गेला नि झोपा केला, असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा माणूस अंब्रोसच होता.

दार युसेबिओच्या बायकोने, तोमासाने उघडलं. कातालिनच्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यांकडे तिने सावकाश पाहिलं.

"अगबाई. पंचीणबाई! आमच्या दारात? वाट चुकलात का?"

"तोमासा, युसेबिओभाऊजी आहेत का?"

"आहेत. पण आमच्याकडे तपासायला आता एकही गाय नाही. तुमच्या धन्याला विचारा, त्यांनीच पुरायला लावली."

"मोरेताच्या घशात अडकलंय."

तोमासाने दार पूर्ण उघडलं. आतून युसेबिओ आला, हातात भाकरीचा तुकडा तसाच. सुकलेला, उंच माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला.

"काय अडकलंय?"

इथे म्हटलं की ते सगळीकडे गेलं.

"बटाटा."

"चिरलेला?"

"अख्खा."

तोमासा हसली नाही. कातालिनला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं. युसेबिओने भाकरी टेबलावर ठेवली.

"तिकडे पंच काय म्हणतायत?"

"ओला कोबी म्हणतायत. तेल पाजणार आहेत. तेल मी घेऊन आले." तिने ओच्यातली बाटली दाखवली.

"मी आलो आणि काठी घातली, आणि गाय मेली, तर ते म्हणतील युसेबिओने कोबीने फुगलेल्या गाईचं नरडं फाडलं. कळतंय ना वहिनी? आधी कासियानोसमोर बोलावं लागेल. बोलाल?"

"बोलेन."

"मग चला. आणि तोमासा, ती चरबीची वाटी दे."

ते पोचले तेव्हा मोरेता मागचे पाय फाकवून उभी होती, डोळे बाहेर आलेले. कासियानोने सुरी काढून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली होती. अंब्रोस दारातच आडवा झाला.

"तेल कुठाय? कुठे गेली होतीस तू?" मग मागे युसेबिओ दिसला. "हा कशाला आलाय इथे?"

"काठी घेऊन आलोय," युसेबिओ म्हणाला. "मी आत पाऊल टाकायच्या आधी वहिनींना काही सांगायचंय."

तिघेही तिच्याकडे बघायला लागले. कातालिनने नवऱ्याकडे पाहिलं. अजून वेळ होता. त्याने तोंड उघडलं असतं तर तिला काही बोलावंच लागलं नसतं. एक क्षण तिने वाट पाहिली. मोरेताच्या तोंडातून फेस गळत होता. अंब्रोस तिच्याकडे बघत राहिला, ओठ घट्ट मिटून. त्याच्या नजरेत विनवणी होती की धाक, तिला कळेना.

"कोबी नाही," ती म्हणाली. "बटाटा आहे. अख्खा. चिरला नाही. मी दिला."

अंब्रोसच्या खांद्यातला ताण उतरला. जरासाच, पण तिने तो उतरताना पाहिला. अठरा वर्षं ज्या माणसाशेजारी झोपलो त्याचे खांदे ओळखता येतात.

"वहिनी, तुम्ही!" कासियानो हळहळला. "अहो, पंचाच्या घरात!"

"ते नंतर," युसेबिओ म्हणाला. "अंब्रोस, शिंगं धर. डोकं सरळ. कासियानो, जीभ."

मोरेताच्या दातांमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला, मधे भोक असलेला. युसेबिओने तिच्या मानेच्या डाव्या बाजूने बोटं फिरवली आणि एका जागी थांबवली. "हे बघ. इथे." अंब्रोसला हात लावून बघावं लागलं. कातडीखाली कठीण, गोल गाठ. युसेबिओने काठीच्या बोंडीला चरबी चोपडली आणि भोकातून काठी आत सरकवायला सुरुवात केली. गाय उसळली. अंब्रोसची पाठ भिंतीवर आदळली, पण त्याने शिंगं सोडली नाहीत. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की एकाचा श्वास दुसऱ्याच्या गालावर जात असेल. वर्षभरात ते एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

"घाई नको," युसेबिओ गाईला म्हणत होता की स्वतःला, कोण जाणे. "घाई नको बाई. ढकलायचं नाही. टेकून राहायचं."

काठी थांबली. तो नुसता टेकून राहिला. कातालिन भिंतीला हात लावून उभी होती आणि आईने शिकवलेली सगळी प्रार्थना विसरून फक्त 'जा, जा' म्हणत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कासियानोच्या हातातून जीभ निसटली, त्याने परत धरली. आणि मग काठी एकदम हातभर आत गेली.

युसेबिओने ती सावकाश बाहेर ओढली. मोरेता क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिच्या आतून एक ढेकर आली, लांबलचक आणि आंबूस, आणि गोठाभर वास पसरला. कूस हळूहळू खाली बसायला लागली. कासियानोने टोपी काढून तोंड पुसलं.

"इतकी सुरेख ढेकर मी बिशपच्या जेवणातसुद्धा ऐकली नव्हती."

कातालिन मटकन गव्हाणीच्या कडेवर बसली आणि हमसून रडली. मोरेताने डोकं हलवून तिच्या अंगावर लाळ उडवली.

"नोंद काही नको," कासियानो सुरी म्यानात घालत म्हणाला. "जिवंत गाईचा पंचनामा नसतो. काय युसेबिओ?"

युसेबिओ काठी पुसत होता. "उद्यापर्यंत सुकं काही घालू नका, वहिनी," तो म्हणाला. "कोमट पाणी, कोंडा." अंब्रोसने सफरचंदाच्या दारूचा पेला भरून पुढे केला होता. युसेबिओने त्याकडे पाहिलं नाही, पाऊस अंगावर घेत तो निघून गेला.

त्या संध्याकाळी अंब्रोसने उरलेले सगळे बटाटे यंत्रात चिरले. कातालिनला वाटलं, आत आला की बोलेल. आत आला, मक्याची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, म्हणाला, "वाचली बिचारी," आणि झोपायला गेला. सासू चुलीशी बसून होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या ओसरीत मंडळ बसायचं होतं. पुरुष बाकांवर, बायका दाराशी घोळक्याने. कासियानोच्या पोटात काही राहत नसे, त्यामुळे गोष्ट आधीच सगळीकडे झाली होती. बायका कातालिनशी हसून बोलत होत्या, फार हसून. अंब्रोस उभा राहिला. दोन्ही हातांत टोपी. तो खरं सांगणार, असं कातालिनला वाटलं.

"काल आमच्या घरात हयगय झाली," तो म्हणाला. "माझ्या बायकोने गाईला अख्खे बटाटे घातले. गाय वाचली, पण नियम तो नियम, पंचाच्या घरालाही तोच. मी पंचाचं काम सोडतो."

मग कोपऱ्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस काठी आपटून म्हणाला, "असा माणूस पाहिजे! बायकोलासुद्धा सोडलं नाही. याला सोडू नका रे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी ओरडलं, "अंब्रोस, बटाटे राहू दे, आधी बायकोच्या हातात यंत्राचं चाक दे!" हशा पिकला. कासियानोने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. अंब्रोस पंच राहिला, आणि आता तर नुसता पंच नाही, न्यायी पंच.

बायकांच्या घोळक्यात कातालिनच्या दोन्ही बाजूंना जरा जागा झाली. तोमासा मात्र हलली नाही. कातालिनच्या शेजारी उभी राहून ती आपल्या नवऱ्याकडे बघत होती. युसेबिओने टोपी घातली आणि सभा संपायच्या आधीच निघून गेला.

घरी जाताना दोघं एकाच छत्रीखाली चढ चढत होते. अंब्रोसची चाल हलकी झाली होती.

"बघितलंस ना? सोडू दिलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "तुलाही कुणी वाईट म्हणणार नाही. चार दिवस हसतील. आणि आईसाठी म्हणून तू आपल्या अंगावर घेतलंस, ते विसरणार नाही मी."

"आत्याबाईंना फळी उचलत नाही," कातालिन म्हणाली.

तो पाच-सात पावलं चालला. मग थांबला. छत्री तिच्या हातात होती; ती दोन पावलं पुढे गेली आणि तो पावसात राहिला.

"तुला कधी कळलं?"

"तेल न्यायला आले तेव्हा."

"म्हणजे गोठ्यात... तू बोललीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मी दिला असं का म्हणालीस?"

"तुम्ही काही बोलत नव्हता," ती म्हणाली. "आणि गाय मरत होती. तुमची वाट बघायला तिला वेळ नव्हता. मी मात्र वाट बघत होते. काल रात्री बघितली. आज सकाळी ओसरीतही बघितली."

एवढं बोलल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. तो चिडेल, हात उगारेल, नाहीतर हातापाया पडेल, या सगळ्याची तिने मनात तयारी केली. त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातली. चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. खाली चर्चजवळच्या गुत्त्यात मंडळाची माणसं अजून बसलेली असणार, त्यांचं हसणं इथवर येत होतं.

अंब्रोस वळला आणि गुत्त्याच्या दिशेने उतार उतरायला लागला.

आता काय होईल ते कातालिनला दिसत होतं. खोटारडा पंच. मरत्या गाईसमोर खोटं बोलणारा. इतुराल्देच्या दाराला लोक काय काय नावं ठेवतील, आणि सागास्तीच्या पुरलेल्या गाईचा जाब कोण कोण विचारील. त्याने खरं सांगावं असं तिला कालपासून वाटत होतं. आता तो खरंच निघाला होता आणि पहिल्या वळणाच्या आत त्याने परत फिरावं असंही तिला वाटत होतं.

"अहो!" ती ओरडली. तो थांबला नाही. "अहो, छत्री तरी न्या!"

त्याने मागे न बघता हात हलवला आणि तसाच भिजत खाली जात राहिला.